जांभळे धुतल्या पाण्याचा रंग

विणकरांच्या एका गावात एक वृद्ध छायाचित्रकार राहत होते. गोष्ट पुराणातली मुळीच नव्हे, कारण तिच्यात डीएसएलआर कॅमेरे आहेत. त्या वृद्धांचे नाव त्र्यंबकनाना. गावातली लग्ने, बारशी आणि निरोपसमारंभ त्यांनी आधी रिळावर टिपले, मग टेपवर, आणि फोटोचा कॅमेरा व्हिडिओही घेऊ लागला तेव्हा साठी ओलांडल्यावर तेही नव्याने शिकून घेतले.

नानांचा एक नियम होता. डोक्यावर रोज स्वच्छ धुतलेली पांढरी टोपी असे. शूटिंग सुरू होण्याआधी ते ती काढून समोरच्या उजेडात धरत आणि म्हणत, "पांढरं दाखवा." मग दोन्ही कॅमेरे त्या टोपीकडे वळत. त्याचे कारण असे, की पांढरे म्हणजे काय हे कॅमेऱ्याला आपले आपण नीट कळत नाही. या उजेडातले हे पांढरे, असे त्याला एकदा सांगावे लागते, आणि त्यावरून तो बाकीचे सगळे रंग लावून घेतो. दोन्ही कॅमेऱ्यांनी एकच टोपी पाहिलेली असली, की दोघांचे शॉट एकमेकांना जोडताना सांधा दिसत नाही. शहरातले लोक याला व्हाईट बॅलन्स म्हणतात. नाना "पांढरं दाखवणं" म्हणत.

त्यांच्याकडे अंबादास नावाचा शिष्य नऊ वर्षे काम करीत होता. हात स्थिर, कामाला वाघ, स्वभावाने सरळ. निदान दोन वर्षांपूर्वीपर्यंत सरळ. दोन वर्षांपूर्वी शलाका आली. आधी ती शिवणाचे वर्ग चालवायची. ब्लाऊजपीसला दोरा जुळवता जुळवता तिची नजर रंगाला पक्की झाली होती. नानांनी तिला शिकवायला घेतले आणि अंबादासच्या पोटात दुखू लागले.

हेवा करणाऱ्या माणसाची स्मरणशक्ती फार तल्लख असते. शलाकाचा शॉट पाहून नाना किती वेळा "वा" म्हणाले आणि आपला पाहून किती वेळा नुसते "हं" म्हणाले, हे अंबादासला तारीखवार सांगता आले असते. तिने आणलेला चहा नाना संपवतात आणि आपण आणलेला अर्धा ठेवतात, हेही त्याच्या लक्षात आले होते. नानांना सकाळचा पहिला चहा प्यायचा असतो आणि दुसरा नको असतो, ही साधी गोष्ट मात्र लक्षात आली नव्हती. नानांनी आपली जुनी, लाडकी पन्नास मिलिमीटरची लेन्स शलाकाच्या हाती दिली, त्या दिवशी तर तो जेवला नाही. बायकोने विचारले, तर म्हणाला, "पित्त झालंय." तसे ते खोटेही नव्हते.

अशात एक काम आले. शहरातला एक पैठणीचा व्यापारी होता. गावातल्या गोदामावशींच्या मागावर एक साडी पूर्ण होत आली होती आणि ती कशी विणली गेली याची फिल्म त्याला दुकानासाठी हवी होती. मावशी सत्तरीच्या. त्यांचे यजमान रेशीम रंगवण्यात गावात पहिले. गेल्या वर्षी ते वारले. जाण्याआधी त्यांनी रंगवलेले शेवटचे रेशीम या साडीत होते. उभे धागे बाजारचे, पण आडवे सगळे त्यांच्या हातचे. रंग असा, की त्याला नाव नव्हते. मावशी म्हणायच्या, "जांभळं धुतल्यावर पाण्याला येतो ना, तसा." तो रंग त्यांनी कुठे लिहून ठेवला नव्हता.

व्यापाऱ्याला मावशींनी एकच अट घातली. "साडी घेऊन जा. पण पिक्चरची एक प्रत मला पाहिजे. रेशीम साडीपुरतंच होतं, एक तार उरायची नाही. आमचा पुतण्या हाये, निवृत्ती. तो आता रंगारीकाम करतो. पिक्चरात बघून बघून तो रंग लावून बघंल. ह्यांचा रंग ह्यांच्यासंगं जायला नको."

व्यापाऱ्याने मान डोलावली. नानांनी दोघा शिष्यांना समोर बसवून सांगितले, "माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दिवाळीनंतर मोठा कॅमेरा तुमच्यापैकी एकाच्या हाती देणार. मी फक्त बरोबर येईन. कुणाच्या हाती, ते या कामानंतर सांगतो."

नऊ वर्षे अंबादास ज्या वाक्याची वाट पाहत होता ते वाक्य आले, पण "तुझ्या हाती" असे न येता "तुमच्यापैकी एकाच्या" असे आले. "तुमच्यापैकी" या एका शब्दाने त्याचे सगळे बिनसले. त्यातच नानांनी कामाची वाटणी केली. शलाका मागापाशी बसून पन्नासच्या लेन्सने हात, धागे आणि काठ टिपणार. अंबादास दारात ट्रायपॉड लावून पूर्ण माग घेणार. म्हणजे साडी तिच्याकडे आणि भिंती माझ्याकडे, असा अर्थ अंबादासने लावला. वास्तविक पूर्ण माग एका चौकटीत बसवणे जास्त अवघड, आणि म्हणूनच ते जुन्या हाताकडे दिले होते. पण हे त्याला कोण सांगणार, आणि सांगितले तरी तो ऐकणार कुठे!

शूटिंगच्या दिवशी सकाळी मागापाशी उजेड छान होता. नानांनी टोपी काढून धरली. "पांढरं दाखवा."

दोन्ही कॅमेऱ्यांनी पांढरे पाहिले. मग नाना मावशींशी बोलायला आत वळले, शलाका धाग्यांपाशी वाकली, आणि अंबादासने खिशातून एक जुने आंतरदेशीय पत्र काढले. कोरे, फिकट निळे. ते त्याने त्याच उजेडात धरले आणि कॅमेऱ्याला पुन्हा एकदा सांगितले, हे पांढरे.

ही युक्ती त्याला नानांनीच एकदा गंमत म्हणून दाखवली होती. फिकट निळ्याला पांढरे म्हटले, की कॅमेऱ्याला वाटते इथे निळे जास्त झाले आहे; मग तो सगळ्या चित्रात पिवळे ओततो. कुठलीही साधी खोली सोनेरी होऊन जाते. "दिसायला झकास," नाना तेव्हा म्हणाले होते, "पण खरं काही उरत नाही. लग्नाच्या एखाद्या गाण्यापुरतं ठीक."

अंबादासच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर मागाची खोली सोन्यासारखी उजळली. मावशींचे पांढरे केस, मागाचे लाकूड, काठावरचे मोर, सगळेच देखणे दिसू लागले. व्यापारी त्याच्या खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, "वा! याला म्हणतात शूटिंग!" मग तो शलाकाच्या पडद्यावर डोकावला. "हे जरा फिकं वाटतं नाही?"

शलाका म्हणाली, "आहे तसंच आहे, शेट."

दोन वर्षांत अंबादासला इतके बरे वाटले नव्हते. त्या रात्री तो पोटभर जेवला.

तीन दिवस काम चालले. रोज सकाळी टोपी, आणि टोपीनंतर खिशातले पत्र. तिसऱ्या दिवशी दुपारी आडव्या धाग्याची शेवटची कांडी रिकामी झाली. मावशींनी साडी मागावरून उतरवली, तिची घडी घातली, घडीवर एकदा हात फिरवला, आणि व्यापाऱ्याच्या हवाली केली. साडी परदेशातल्या कुणा गिऱ्हाइकासाठी होती. गाडी गेली तरी मावशी बराच वेळ दारात उभ्या होत्या.

दोन दिवसांनी स्टुडिओत एडिटिंगला बसल्यावर जे दिसायचे ते दिसले. अंबादासच्या शॉटमध्ये साडी लालसर, तापलेली. शलाकाच्या शॉटमध्ये शांत, जांभळट. मावशींनी आडवा धागा नेणारा धोटा टाकला की साडीचा एक रंग, धोटा पलीकडे पोचला की दुसरा. नानांनी फिल्म थांबवली. चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"शलाका, पांढरं कुठून घेतलंस?"

"टोपीवरून, नाना."

"अंबादास, तू?"

खिशातले पत्र अंबादासला छातीपाशी जाणवले. एका शब्दात सगळे निस्तरता आले असते. पण शेजारी ती बसली होती. तिच्यासमोर? त्याच्या तोंडून शब्द निघाले, "टोपीवरूनच, नाना. नऊ वर्षं तेच करतोय."

नाना क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे. नऊ वर्षं तू तेच करतोस. मग तुझाच रंग खरा धरू. शलाका, तुझे सगळे शॉट अंबादासच्या रंगात आण."

शलाकाचा चेहरा पडला. "नाना, रेशीम असं नव्हतं हो. मी तीन दिवस त्याला नाक लावून बसले होते."

"आण म्हटलं ना."

ती एकेक शॉट घेऊन त्यात पिवळे चढवू लागली. अंबादास मागे उभा राहून पाहत होता. दोन वर्षांत पहिल्यांदा नानांनी तिला गप्प केले होते आणि आपला शब्द वर ठेवला होता. याचसाठी तर सगळे केले! मग घास गोड का लागेना, हे त्याला समजेना.

शलाकाच्या प्रत्येक दिवसाच्या पहिल्या शॉटच्या सुरुवातीला नानांची टोपी होती. ती टोपी दाखवतानाच रेकॉर्डिंग सुरू करायची. शॉटमध्ये पिवळे चढले, तशी टोपीही पिवळी होत गेली. पांढरीची साईच्या रंगाची झाली, साईची हळदीच्या हाताने पुसल्यासारखी झाली. नानांनी डोक्यावरची टोपी काढली, पडद्यावरच्या टोपीशेजारी धरली, दोन्हींकडे शांतपणे पाहिले, आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

अंबादासला शंका आली. नानांना कळले की काय? कळले असते तर बोलले नसते का? बोलले नाहीत, म्हणजे कळले नाही. अपराधी मन असे हिशोब फार चटकन मांडते आणि त्यावर झोपीही जाते.

रविवारी सकाळी गोदामावशींच्या घरी फिल्म लावली. टीव्हीसमोर सतरंजी, शेजारपाजारच्या बायका, पुतण्या निवृत्ती वही-पेन घेऊन पुढे बसलेला. व्यापारी मुद्दाम आला होता. नाना खुर्चीत, दोघे शिष्य भिंतीपाशी. फिल्म सुरू झाली आणि सगळी खोली हरखून गेली. व्यापारी तर मध्येच टाळ्या वाजवू लागला. "अंबादास, दुकानात मोठा पडदा लावतो याच्यासाठी!"

अंबादासने हळूच शलाकाकडे पाहिले. ती मावशींकडे पाहत होती.

मावशी अगदी स्तब्ध बसल्या होत्या. फिल्म संपल्यावर त्या म्हणाल्या, "लई देखणी साडी हाये. कोणाची म्हणायची?"

बायका हसल्या. निवृत्ती म्हणाला, "काकू, तुमचीच की. त्या काय तुम्हीच बसल्यात मागावर."

"मी हाये खरी. हात माझेच. पण साडी?" त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा पडद्याकडे पाहिले. "हा तर कोकमाचा रंग झाला रे. ह्यांचा जांभळं धुतल्या पाण्याचा होता."

"फिल्ममध्ये जरा भारी दिसतं, मावशी," व्यापारी म्हणाला.

मावशींनी मान हलवली. त्या आता स्वतःशीच बोलत होत्या. "कॅमेरा कशाला खोटं सांगंल? माझ्याच डोळ्यांचं काही झालं असणार. सहा महिने हातातून गेला तो धागा आणि मला रंग याद राहिला नाही. वरीस झालं नाही अजून... अन् मी विसरले. लिही बाबा निवृत्ती, कोकमाचा लिही. पिक्चरात तसंच हाये."

निवृत्तीने पेनाचे टोपण काढले.

"लिहू नकोस!"

हे कोण ओरडले, ते अंबादासला स्वतःलाही लगेच कळले नाही. तो पुढे आला होता आणि त्याच्या हातात ते निळे पत्र होते. "मावशी, तुमचे डोळे ठीक आहेत. तुम्ही काही विसरला नाहीत. मी खोटं बोललो. टोपीनंतर मी कॅमेऱ्याला हे दाखवलं. माझं काम हिच्यापेक्षा उठून दिसावं म्हणून. शलाकाचा रंग खरा होता. नानांनी विचारलं तेव्हाही मी खोटंच बोललो."

व्यापारी सतरंजीकडे पाहू लागला. मावशींना कॅमेऱ्याचे काही कळले नसावे, पण एक गोष्ट नेमकी कळली. "म्हंजी मला याद हाये?" त्यांनी विचारले. "बरोबर याद हाये?"

"बरोबर आहे, मावशी," शलाका म्हणाली.

मग कुठे त्या रडल्या.

परतताना वाटेत एका पारावर नाना टेकले. शलाका पुढे निघून गेली होती. अंबादास समोर मान खाली घालून उभा राहिला. शेवटी त्याने विचारले, "नाना, तुम्हाला स्टुडिओतच कळलं होतं ना?"

"पहिल्याच शॉटला. ही युक्ती मीच शिकवलीय तुला."

"मग तिथेच का नाही बोललात? मारायचं होतंत. तिचे खरे शॉट का बिघडवलेत?"

नाना म्हणाले, "तिथे बोललो असतो, तर तू चूक कबूल केली असतीस, पण मनात म्हणाला असतास, नानांनी पुन्हा तिचीच बाजू घेतली. म्हणून मी तुझी बाजू घेतली, पूर्ण घेतली. तुझं पांढरं खरं धरलं, की काय काय खोटं पडतं, ते तुला तुझ्या डोळ्यांनी दिसायला हवं होतं. आधी शलाकाचं काम खोटं पडलं. मग माझी टोपी. आणि आज एका म्हातारीला आपल्या नवऱ्याची आठवणच खोटी वाटू लागली. हेवा दुसरं काही करत नाही रे. मनाला एकदा चुकीचं पांढरं दाखवतो. त्यानंतर आपण प्रामाणिकपणे बघत राहिलो तरी सगळं त्याच रंगात दिसतं. मी अर्धा टाकलेला चहासुद्धा."

अंबादासने चमकून वर पाहिले.

"दिसतं मला," नाना म्हणाले. "मोतीबिंदू इतका वाढलेला नाही." मग म्हणाले, "पण गोदाबाईंना रडवलं, ते तुझ्याइतकंच माझंही पाप. धडा तुझा होता, किंमत त्यांनी मोजली. तू बोलला नसतास तर मी बोललो असतो, हे खरं. पण त्या क्षणापर्यंत त्यांना जे वाटलं ते आता मला परत घेता येणार नाही. उद्या जाऊन त्यांची माफी मागेन. तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबादास स्टुडिओत आला तेव्हा शलाका आपल्या शॉटवरचे पिवळे काढत बसली होती. तिच्या शॉटमधली टोपी पुन्हा पांढरी झाली होती. अंबादासच्या कॅमेऱ्याच्या कार्डावर मात्र टोपी कुठेच नव्हती. त्याने पांढरे दाखवताना कधी रेकॉर्डिंग सुरूच केले नव्हते, पत्र दिसू नये म्हणून. त्यामुळे त्याच्या शॉटचा खरा रंग शोधायला जगात एकच आधार उरला होता. तो म्हणजे तिचे शॉट.

त्याने खुर्ची तिच्या खुर्चीशेजारी ओढली. "माझे लावून घ्यायचेत," तो म्हणाला. "तू बघून सांग."

चार दिवस ते शेजारी बसले. तो एकेक शॉट तिच्या शॉटजवळ ठेवी, पिवळे उतरवी आणि विचारी, "झालं?" ती म्हणे, "अजून थोडं." प्रत्येक "अजून थोडं" त्याला टोचत होते. पण चौथ्या दिवशी धोटा त्याच्या शॉटमधून निघून तिच्या शॉटमध्ये पोचला आणि साडीचा रंग हलला नाही, तेव्हा त्याच्या तोंडून आपोआप "वा" निघाले. दोन वर्षे मोजलेला तो शब्द. शलाका हसली. म्हणाली, "अंबादासदादा, पूर्ण माग असा एका चौकटीत मला नसता बसवता आला."

नवी फिल्म मावशींकडे लावली तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. व्यापारी आलाच नव्हता. त्याने पहिली, सोनेरी प्रतच मागवून घ्यायचा प्रयत्न केला, नानांनी दिली नाही. मावशी टीव्हीजवळ सरकल्या आणि पडद्यावर बोट टेकवून पुतण्याला म्हणाल्या, "हां. हा तुझा काका." निवृत्तीने वहीत लिहिले, जांभळं धुतल्या पाण्याचा.

दिवाळीनंतर नानांनी मोठा कॅमेरा शलाकाच्या हाती दिला. अंबादासच्या पोटात कळ आली. नाही आली असे सांगितले तर ही गोष्ट खोटी होईल. पहिलेच काम एका शाळेच्या निरोपसमारंभाचे होते. नाना मंडपात खुर्चीवर बसले होते. त्यांनी टोपी काढली आणि ती स्वतः न धरता अंबादासपुढे केली.

तो ती घेऊन उजेडात उभा राहिला. समोर शलाकाचा कॅमेरा, त्याच्याकडे रोखलेला.

"जरा वर, दादा," ती म्हणाली.

त्याने टोपी वर धरली. हात स्थिर होता.

वाचकहो, दुसऱ्याचे काम आपल्याला फिके वाटू लागले, की त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी एकदा आपला खिसा चाचपून पाहावा.